शहाजोग कोण?

जुन्या व्यापारी पेठांतून हुंडीचे जे अनेक प्रकार चालत, त्यांपैकीं दर्शनी व मुदती हे बहुतेकांस ठाऊक असतात. हुंडी दाखवितांच रक्कम द्यावयाची ती दर्शनी. ठरल्या दिवसांनंतर द्यावयाची ती मुदती. परंतु आमच्या मतें सर्वांत विचारार्ह प्रकार शहाजोग हुंडीचा होय. तिची रक्कम वाटेल त्याच्या हातीं देतां येत नसे. पेठेंत ज्याचें नांव आहे अशा 'शहा'सच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच, ती द्यावी लागे. पुढें हुंडी बनावट निघाली, तर घेतलेले पैसे परत करण्याचा भार त्या शहावर पडे. इ. स. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यानेंही देशी भाषांतील हुंड्यांविषयींचे हे स्थानिक परिपाठ मोडले नाहींत.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं या व्यवहाराच्या मध्यभागीं कोणतीही एक सत्ता बसलेली नव्हती. एका गांवीं लिहिलेली हुंडी दूरच्या गांवीं सकारली जाई. त्या पेढ्यांपैकीं कोणी कोणाचा ताबेदार नसे. त्यांस बांधून ठेवी ती केवळ पत. एक हुंडी नाकारली गेली, तर ती वार्ता पेठोपेठीं पसरे, आणि पिढ्यान् पिढ्या मिळविलेल्या नांवास बट्टा लागे.

याच प्रश्नाकडे आजचें शास्त्र निराळ्या वाटेनें आलें आहे. इ. स. २००८ मध्यें सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें बिटकॉइनची जी योजना प्रसिद्ध झाली, तिचा हेतूच असा, कीं अनोळखी माणसांनीं कोणा मध्यस्थावर विश्वास न टाकतां देवघेव करावी. पुढें तिच्यावर 'लाइटनिंग' नांवाचें जाळें उभारण्यांत आलें. त्यांत दोघे जण कांहीं रक्कम अडकवून ठेवतात व आपसांत हिशेब बदलीत राहतात. तिऱ्हाइताचा पैसा अशा दुव्यांतून पुढें सरकत जातो. जुना हिशेब पुढें करून कोणी फसवूं पाहील आणि समोरच्यानें तें वेळींच ओळखलें, तर लबाडाची त्या दुव्यांतील सारी रक्कम जाते. लज्जेच्या जागीं दंड आला. तरीही पत सुटली नाहीं. वाटेंतील एखादें केंद्र बंद असेल, किंवा त्याच्याजवळ पुढें देण्यास पुरेसा पैसा नसेल; म्हणून पाठविणाऱ्याचें यंत्र पूर्वीं कोणत्या वाटेनें पैसा पोहोंचला याची आठवण ठेवतें. ही आठवण म्हणजे पत नव्हे तर काय?

परंतु पेढीचें नांव एका रात्रींत बदलतां येत नसे. जाळ्यांतील नांव फुकट मिळतें. ज्यास शंभर नांवें घेतां येतात, तो स्वतःसाठीं शंभर साक्षीदार उभे करील. जें गमावल्यानें माणसाचें कांहीं जात नाहीं, त्या नांवास मोल नाहीं. यास्तव अडकविलेली रक्कम हीच तेथें अब्रूचें काम करते.

एवढ्यावर विचार थांबविणें सोपें होतें. पण शहाद्याचा इतिहास तो थांबूं देत नाहीं. सातपुड्याच्या दक्षिणेस, गोमाई नदीच्या परिसरांतील या तालुक्यांत भिल्लांच्या कितीतरी जमिनी कर्ज, व्याज आणि न वाचतां येणाऱ्या कागदावरचा अंगठा या वाटेनें सावकारांच्या व बड्या शेतकऱ्यांच्या हातीं गेल्या. पूर्वींच्या मालकांपैकीं अनेक जण दुसऱ्यांच्या शेतांवर सालदार झाले. इ. स. १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे कार्यकर्ते व श्रमिक संघटना यांनीं त्या जमिनी परत मागितल्या. अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याच्या १९७४ च्या अधिनियमानें राज्यानेंही तें तत्त्व मान्य केलें.

आतां असा एक सावकार कल्पावा, कीं ज्याची हुंडी कधीं परत फिरली नाहीं. पेठ त्यास शहा म्हणेल, आणि पेठेच्या मापानें तें खोटेंही नाहीं. परंतु त्याच्या वहींत ज्याचा अंगठा आहे, त्या भिल्लास या शहाच्या सचोटीविषयीं कोणी विचारलें काय? त्याची साक्ष मोजलीच जात नव्हती, कारण त्यास स्वतःस पेठेंत पत नव्हती.

यांत्रिक जाळ्याचे पुरस्कर्ते म्हणतील, आमचें यंत्र जात पाहत नाहीं, अंगठा कीं सही हें विचारीत नाहीं. हा गुण खरा आहे, आणि तो लहान नव्हे. पण ज्याच्याजवळ अडकविण्यास रक्कम नाहीं, तो त्या वाटेवरचा दुवा होऊं शकत नाहीं. आणि दुव्यांची परीक्षा तेथेंही पैसा वेळेवर पोहोंचला कीं नाहीं एवढ्यापुरतीच होते. तो कोणापासून व कसा आला, हें ती परीक्षा विचारीत नाहीं.

'शहाजोग' म्हणजे एके काळीं भरंवशाचा. आज 'शहाजोगपणा' म्हणजे साळसूदपणाचा आव. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. वक्तशीर फेड हा सचोटीचा अर्धाच पुरावा होय. जें देणें कोणी बळानें वसूल करूं शकत नाहीं, तें माणूस कसें फेडतो, हा उरलेला अर्धा. जुन्या शहापासून एक गोष्ट मात्र अवश्य घ्यावी: दुसऱ्याची ग्वाही देतांना तो तोट्याचाही धनी होई. तथापि ही अट पाळूनही जी पेठ दुबळ्याची साक्ष ऐकत नाहीं, तिला शहा ओळखतां येतो असें आम्ही म्हणणार नाहीं.