अज्ञानाच्या पायावरचे स्वातंत्र्य

माणसाला स्वातंत्र्य का हवे? तो शहाणा आहे म्हणून, असे आपण सहसा म्हणतो. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक यांचे उत्तर उलटे होते: कोणीच पुरेसे शहाणे नाही म्हणून. १९४५च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी कथिलाचे उदाहरण दिले. कथिल दुर्मिळ झाले की भाव चढतो आणि कारण ठाऊक नसलेले हजारो लोक ते जपून वापरू लागतात. हे विखुरलेले ज्ञान कोणत्याही नियोजन मंडळाच्या टेबलावर गोळा होत नाही. म्हणून ठरवण्याचा अधिकारही विखुरलेलाच हवा.

उपाशी माणसाला भावाची भाषा काय कामाची, हा आक्षेप मोठा आहे. भाव गरज मोजत नाही, खिसा मोजतो. हायेक यांनी हा आक्षेप टाळला नाही. १९४४च्या ‘द रोड टू सर्फडम’मध्येच किमान अन्न, वस्त्र, निवाऱ्याची हमी त्यांना मान्य होती (भक्त ते पान सहसा उलटून पुढे जातात). मला खुपते ते वेगळेच: लष्करशहा पिनोशेच्या चिलीबद्दल त्यांनी दाखवलेली सहानुभूती. सगळे कोणालाच कळत नाही, हे नियोजनकाराला लागू असेल, तर लष्करशहाला सूट कशी? तिथे हायेक यांनी स्वतःचाच युक्तिवाद अर्ध्यावर सोडला.