नवान्न आणि त्याची सत्यप्रत

आश्विन पौर्णिमेला कोकणात नवान्न होते. भाताची नवी लोंबी, आंब्याची पाने, झेंडू आणि कुरडूचे फूल एकत्र बांधून ते ‘नवे’ दाराला लावतात. अनेक गावी पहिली कणसे आधी ग्रामदेवतेच्या देवळात जातात आणि मग घरोघर वाटली जातात. नव्या धान्यावर पहिला हक्क आपला नव्हे, हाच या विधीचा आशय. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे लष्कर झाले आणि आपली घराणी येथे स्थिरावली. शेते मागे राहिली, संस्कार बरोबर आला. फाल्गुनात येथे होळीवर गहू-जवाच्या ओंब्या भाजून वाटतात, त्यातही आपण तोच अर्थ ओळखला.

अशा विधींची कृष्णधवल छायाचित्रे हल्ली प्रदर्शनांतून व दिनदर्शिकांतून दिसतात. ती देखणी असतात, यात वाद नाही. प्रश्न असा की, ती प्रामाणिक असतात काय?

जुन्या छायाचित्रणाच्या काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू त्यावर काळे उमटे. पुढच्या फिल्मला सर्व रंग कळू लागले, पण केवळ करड्या छटांच्या रूपाने. हळद उजळून अक्षतांत मिसळते, कुंकू आणि हिरवे पान सारखेच भासू लागते. जेथे प्रत्येक रंगाला स्वतःचा अर्थ आहे, तेथे हा लोप लहान नव्हे. छायाचित्रकार रघुबीर सिंग (मृत्यू १९९९) यांची भूमिका हीच होती : भारतीय दृष्टीतून रंग वजा करता येत नाही. उलट बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून रांगोळ्या, मांडणे व भित्तिचित्रे मुख्यतः कृष्णधवल टिपली. उद्या पुसली जाणारी रांगोळी त्यामुळे राहिली, आणि पुष्कळदा तिच्या शेजारी ती काढणारी स्त्रीही राहिली. म्हणजे दोष रंगाच्या अभावात नाही. समोरच्या माणसाकडे आपण कोणत्या नात्याने पाहतो, त्यात तो असू शकतो.

सरकारी सेवेत सत्यप्रतींवर सह्या करण्यात माझी बरीच वर्षे गेली. सत्यप्रतीला मोल येते ते मूळ कागदामुळे. कोणी म्हणेल, मूळ गहाळ झाल्यावर प्रतच आधार ठरते. ज्यांची मुले पुण्याला, बंगळूरला वा परदेशी आहेत, अशा आपल्या घरांना हे चांगलेच पटेल. परंतु विधीचे मूळ दप्तरात नसते. ते दरवर्षी नव्याने करावे लागते. केले नाही, तर कितीही प्रती असल्या तरी मूळ नाहीच.

यातूनच दोन मर्यादा निघतात. छायाचित्रासाठी पुजाऱ्याला ‘पुन्हा एकदा ओवाळा’ म्हणणे गैर, कारण दुसऱ्यांदा ओवाळले जाते ते देवाला नव्हे, यंत्राला. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. शेतकऱ्याच्या खिशातला मोबाइल चौकटीबाहेर ठेवून, करड्या छटांत त्याला शंभर वर्षे मागे नेणे म्हणजे हयात माणसाला भूतकाळात जमा करणे होय. आपल्याला जुने हवे असते म्हणून त्याने जुने दिसावे, असा आग्रह आपण कोणत्या अधिकाराने धरतो?

म्हणून छायाचित्रे अवश्य घ्यावीत, कृष्णधवलही घ्यावीत. मात्र विचारून घ्यावीत. मागे गाव, तिथी, वर्ष आणि संमती असेल तर त्या माणसाचे नाव लिहावे व एक प्रत त्याच्या घरी पोचवावी. आणि प्रसादाची ओंबी हाती येईल तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा. ती दोन्ही हातांनी घ्यायची असते.