धर्मादायाचा मळा

बार्बाडोस बेटावरचा बडा मळेवाला क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन 1710 मध्ये वारला. आपले उसाचे दोन मळे तो इंग्लंडच्या चर्चशी जोडलेल्या एका धर्मप्रसारक संस्थेच्या नावे करून गेला. उत्पन्नातून विद्यालय उभारावं ही त्याची इच्छा. मात्र मळ्यांवर किमान तीनशे गुलाम कायम राखावेत, अशी अटही होती. संस्थेने दान स्वीकारलं. काही काळ तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ अशी मालकीची खूण उमटवली जाई.

ऊस तोडल्यावर लगेच गाळावा लागतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. म्हणून हंगामात तिथले चरक आणि कढया रात्रंदिवस चालत. माणसं झिजून मरत आणि जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. मूल वाढवून कामाला येईपर्यंत पोसण्यापेक्षा आफ्रिकेतून आणलेला धडधाकट माणूस विकत घेणं मळेवाल्यांना स्वस्त वाटे. मालमत्तेच्या यादीत बैलांच्या शेजारी माणसांच्या किमती लिहिलेल्या असत; कर्ज काढताना तीच माणसं गहाण पडत. त्यांच्यावर ब्रिस्टल-लिव्हरपूलचे जहाजमालक, लंडनचे सावकार आणि विमेवाले पोसले गेले, आणि इंग्लंडचा चहाही गोड झाला.

1833 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला आणि 2 कोटी पौंड भरपाई ठरवली. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या जवळपास 40 टक्के इतकी ही रक्कम मालकांना मिळाली. कॉड्रिंग्टनच्या 411 माणसांपोटी धर्मसंस्थेलाही 8,823 पौंड मिळाले. सुटलेल्यांच्या हाती दमडी पडली नाही. उलट बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली 1838 पर्यंत जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबावं लागलं. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटनच्या करदात्यांनी 2015 मध्ये फेडला.

संस्थेचा कारभार पाहणारे बिशप आणि सद्गृहस्थ स्वतः चाबूक उगारायला गेले नव्हते. लंडनला बसून ते हिशेब तपासत. उत्पन्न आलं का, ते सत्कारणी लागलं का, एवढं ते पाहत. खर्चाची बाजू इतकी पवित्र होती की जमेच्या बाजूकडे रोखून पाहावं, असं त्यांना वाटलं नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल माफी मागितली ती 2006 मध्ये.

क्रौर्य ओळखणं त्या मानाने सोपं असतं. अवघड असतं ते आपल्या चांगल्या कामाला पुरवठा करणारं क्रौर्य ओळखणं. देणगीचा विनियोग कसा झाला, हे आपणही विचारतो; ती आली कुठून, हे विचारणं मात्र उद्धटपणाचं वाटतं. विश्वस्त मंडळावर बसणाऱ्याने आणि बचत गुंतवणाऱ्यानेही तो उद्धटपणा करावा. त्यामुळे एखादी इमारत रखडेल, एखादं विद्यालय उशिरा उघडेल. कॉड्रिंग्टनचं आणखी उशिरा उघडलं असतं, तरी बिघडलं नसतं.