शेताचा कोपरा

आजचं वाचन: लेवीय 19:9-10.

शेत कापताना कडेचा कोपरा सोडून द्या, गळून पडलेली कणसं वेचू नका, असं तोरामध्ये सांगितलंय. तो वाटा गरिबाचा आणि परक्याचा. मिश्नाने मापही दिलंय: निदान साठावा भाग. आणि पाहा, मालकाने पेंढी हातात द्यायची नाही. ज्याला हवं तो स्वतः येऊन घेऊन जातो. मागणं नाही, आभार नाहीत. आपण दानाला ‘त्सदाका’ म्हणतो ना, त्याचं मूळ ‘त्सेदेक’, म्हणजे न्याय.

आमच्या सिनेगॉगमधल्या रेशन वाटपाचा फॉर्म मीच बनवला. उत्पन्नाचा दाखला, सही, फोटो, सगळं त्यात. डेटा एकदम क्लीन! मागच्या महिन्यात फोटोची वेळ आली तेव्हा एका मावशींनी पदराने तोंड झाकलं, आणि पिशवी न घेताच त्या निघून गेल्या.

कोपरा सोडला होता खरा, पण त्याला कुंपण मीच घातलं होतं.

फोटोचा रकाना काल काढून टाकला. मावशींकडे जाऊन माफी मागायची अजून बाकी आहे. शब्बाथच्या आधी जाईन.

देवा, माझ्या शेताचा एक तरी कोपरा उघडा राहू दे. आमेन.