डावे, उजवे आणि कच्चे तेल

नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. निमित्त पेट्रोलच्या दरवाढीचं. दर वाढवणारं सरकार इंदिरा गांधींचं, म्हणजे समाजवादी म्हणवणारं. आणि त्याच्याविरुद्ध बैल जुंपणारा जनसंघ उजवा. त्याच महिन्यात अमेरिकेत रिपब्लिकन निक्सन यांनी १९८० पर्यंत परकी तेलाची गरज संपवण्याची घोषणा केली. दोन वर्षांपूर्वी किमतींवर सरकारी नियंत्रण आणलं तेही त्यांनीच. पुढे १९७९ मध्ये तेलावरची नियंत्रणं उठवायला घेतली ती डेमोक्रॅट कार्टर यांनी!

पक्षावरचा शिक्का बघून त्याचं तेलधोरण ओळखायला गेलं की हमखास फसगत होते. कच्च्या तेलाचा भाव, परकीय गंगाजळीची अवस्था आणि निवडणुकीची तारीख एवढं ठाऊक असलं, तर पक्षाचं नाव विचारायचीही फारशी गरज पडत नाही.

मुंबईच्या ट्रॉम्बे-माहुल पट्ट्यातली गोष्ट घ्या. स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांच्या रिफायनऱ्या तिथे १९५४-५५ च्या सुमारास सुरू झाल्या. कच्चं तेल कुठून आणायचं हे कंपन्याच ठरवत, आणि आपल्याच मालकीच्या विहिरींतलं तेल आपणच लावलेल्या भावाने आणत. १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने भारताला स्वस्त तेल देऊ केलं, तेही रुपयांत. तेलखातं सांभाळणारे केशवदेव मालवीय कंपन्यांना म्हणाले, हे शुद्ध करून द्या. कंपन्यांनी साफ नकार दिला. मालवीयांवर डावेपणाचा शिक्का होताच, त्यामुळे हा सगळा मामला मॉस्कोप्रेमाच्या खात्यावर टाकणं सोपं होतं. खरं तर त्यांचा मुद्दा निव्वळ वाण्याचा होता: स्वस्त मिळतंय, डॉलर वाचतायत, तर नाही का म्हणायचं? रशियन तेल ट्रॉम्बेला शुद्ध झालं नाही. पण त्या धाकाने कंपन्यांना स्वतःच्या तेलाचा भाव मात्र उतरवावा लागला.

२०२२ नंतर दिल्लीतलं उजवं म्हणवलं जाणारं सरकार हाच हिशेब मांडू लागलं. युक्रेन युद्धाआधी आपल्या आयातीत दोन टक्क्यांच्या आसपास असलेलं रशियन तेल दीड-दोन वर्षांत एक-तृतीयांशावर गेलं. या वेळी त्याला राष्ट्रहित म्हटलं गेलं.

मधल्या काळात एस्सो (म्हणजे पूर्वीची स्टॅनव्हॅक), बर्मा-शेल, कॅलटेक्स सरकारच्या ताब्यात आल्या. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाला मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायमध्ये तेल लागलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देशाची दोन-तृतीयांश गरज घरच्या तेलावर भागू लागली. त्याचं श्रेय राष्ट्रीयीकरणापेक्षा समुद्राच्या पोटातल्या खडकाला जास्त. आज आपण पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. खडक आटत गेला आणि आपली तहान वाढत गेली. त्यात कोणत्याही ‘वादा’चा फारसा संबंध नाही.

शिक्के किती पातळ असतात हे वाजपेयींच्याच मंत्रिमंडळात दिसलं. हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायला निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी निघाले, तर त्यांच्याच पक्षाचे तेलमंत्री राम नाईक आडवे उभे राहिले. शेवटी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेची मंजुरी लागेल असं सांगून विक्री थांबवली. २०१० मध्ये मनमोहनसिंग सरकारने पेट्रोल नियंत्रणमुक्त केलं, तेव्हा ५ जुलैच्या भारत बंदमध्ये भाजप आणि डावे दोघेही उतरले. चार वर्षांनी डिझेल नियंत्रणमुक्त केलं ते मोदी सरकारने. आता भाव बाजार ठरवतो म्हणे! नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात उत्तर प्रदेशसह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, कच्चं तेल शंभर डॉलरच्या पुढे गेलं, तरी पंपावरचे आकडे साडेचार महिने हलले नाहीत. निकाल लागले आणि पंधरवड्याच्या आत भाव चढू लागले. ज्या बाजाराला मतमोजणीची तारीख पाळता येते, त्याला मुक्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या शिक्क्यांच्या भांडणात भाव कोणी वाढवला एवढंच विचारलं जातं. एवढं तेल लागतं कशाला, हे कोणी विचारत नाही. देशात सर्वांत जास्त खपतं ते डिझेल, आणि त्याचा मोठा वाटा मालट्रक पितात. १९५०-५१ मध्ये चार-पंचमांशाहून जास्त माल रेल्वेने जात असे. आज तो एक-तृतीयांशही नाही. हा माल काँग्रेस, जनता, भाजप अशा सगळ्यांच्या राजवटींत रुळावरून रस्त्यावर आला, आणि त्याविरुद्ध बंद पुकारावा असं कुणाला वाटल्याचं ऐकिवात नाही.