नाल्यात सोडलेलं पाणी कुठे जातं?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



गेल्या रविवारी इंदूरच्या बालसंस्कार वर्गात आम्ही मुलांना पाणलोट क्षेत्र म्हणजे काय ते दाखवलं. जाड कागद चुरगळून थोडा उघडला, की डोंगर-दऱ्या तयार! एका उतारावर निळी शाई, दुसऱ्यावर हळद टाकली आणि वरून पाणी शिंपडलं. प्रत्येक थेंब आपल्या उताराने खाली आला आणि येताना वाटेतली शाई-हळद घेऊन आला. तळाशी सगळं एक झालं. मुलं खूश.

मग नकाशा उघडला. महूच्या दक्षिणेला विंध्याची कड आहे. तिच्या पलीकडचा पाऊस चोरल नदीतून नर्मदेला आणि पुढे अरबी समुद्राला जातो. अलीकडे, आपल्या शहरावर पडलेला पाऊस कान्ह नदीतून उज्जैनजवळ शिप्रेला मिळतो. तिथून चंबळ, यमुना, गंगा करत थेट बंगालच्या उपसागरात. आणि आपण पितो ते पाणी? १९७८ पासून नर्मदेचं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून घाट चढवून आणलेलं. एका खोऱ्यातून घेतो, दुसऱ्या खोऱ्यात सोडतो.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "काका, गुरुपौर्णिमेला महाप्रसादाची भांडी आपण बाहेर रस्त्याकडेला धुतली ना? ते पाणी कुठे गेलं?"

आम्ही सगळे गप्प. तेलकट, साबणाचं ते पाणी पावसाळी गटारात गेलं होतं. घरच्या ड्रेनेजचं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे जातं, पण पावसाळी गटार सरळ नाल्यात उघडतं. आणि नाला कान्हमध्ये.

वर्गानंतर आमच्यात चर्चा झाली. एक ताई म्हणाल्या, "नकळत घडलं, त्यात दोष कसला?" खरंय. पण आता कळलंय. पुढच्या वेळी ते नकळत असणार नाही. दुसरे म्हणाले, "एवढ्या मोठ्या शहरात आपल्या चार पातेल्यांनी काय होतं?" हाही मुद्दा खोटा नाही. पण कान्हमध्ये येणारं प्रत्येक पाणी कुणाच्या तरी चार पातेल्यांचंच असतं. २०१६ च्या सिंहस्थात कान्हचं पाणी स्नानाच्या घाटांपासून दूर नेण्यासाठी मोठी पाइपलाइन टाकावी लागली. ती वेळ कुणा एकामुळे आली नव्हती, पण आली.

तिसरा प्रश्न आम्हाला सगळ्यात खोल वाटला: मुलांच्या डोक्यावर पापाचं ओझं कशाला? आम्हालाही ते नकोच आहे. भीतीने शिकवलेलं टिकत नाही. पण नातं शिकवलं तर टिकतं. आपण शिप्रेत डुबकी घेणाऱ्याच्या वरच्या अंगाला राहतो, हे एक नातं. आणि नर्मदा जबलपूर, नर्मदापुरम ओलांडून आपल्या नळाला येते, म्हणजे आपणही कुणाच्या तरी खालच्या अंगाला आहोत, हे दुसरं. वरच्यांनी काळजी घ्यावी असं आपल्याला वाटतं ना? मग खालच्यांनाही तसंच वाटणार. धर्म याहून वेगळा काय असतो? जो आपल्याला दिसत नाही, ज्याचे आभार आपल्यापर्यंत पोचणार नाहीत, त्याच्यासाठी केलेली सेवाच खरी निष्काम.

म्हणून ठरवलंय: पुढच्या उत्सवात भांडी आधी कागदाने पुसायची, उरलेलं तेल वेगळं साठवायचं, आणि धुणं फक्त ड्रेनेजला जोडलेल्या मोरीतच. थोडा वेळ जास्त लागेल, रांग लागेल. चालेल. देखरेखीला तीच मुलगी असणार आहे, बरं का!

आपल्या केंद्रातलं पाणी कुठे जातं, ते या रविवारी मुलांना सोबत घेऊन पाहून या. बेळगावचं, वडोदऱ्याचं, ग्वाल्हेरचं उत्तर वेगळं असेल. प्रश्न मात्र एकच.

श्रीगुरुदेव दत्त 🙏