वासाचा साबण

चैन म्हणजे काय, या प्रश्नावर मोठमोठ्यांनी डोके शिणवले असेल. पण आमच्या नरडाण्याच्या आप्पांनी तो केव्हाच निकालात काढला आहे. आपण घेतो ती गरज, शेजारी घेतो ती चैन आणि जावई घेतो ती उधळपट्टी. स्वतः आप्पा चहात वेलदोडा घालून घेतात, पण ते औषध. कानात अत्तराचा बोळा असतो, तो लग्नकार्यापुरता. आता आप्पांचा गोतावळाच असा, की दिवाळी सरल्यापासून पार मृग लागेपर्यंत त्यांचा कान रिकामा सापडत नाही, त्याला ते बिचारे काय करणार!

तर अशा या आप्पांच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या एका बाईने बाजाराच्या दिवशी वासाचा साबण घेतला. आप्पांनी तो तिच्या पिशवीत पाहिला. (दुसऱ्याच्या पिशवीत डोकावणे ही चैन की गरज, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही.) वेचणीची मजुरी किलोवर मिळते. किलोमागे रुपया वाढवा म्हणून हीच बाई चार दिवसांपूर्वी भांडून गेली होती. आप्पा म्हणाले, "पोटाला पुरत नाही म्हणतेस, अन् हे कसाले?"

ती म्हणाली, "आप्पा, दिनभर मातीमा ऱ्हास. घडीभर तं चांगला वास येऊ द्या."

कलियुग आल्याचा पुरावा म्हणून आप्पांनी ही हकिगत मला सांगितली. मला मात्र त्या बाईच्या उत्तराला प्रत्युत्तर सापडेना. आप्पांनाही ते सापडले नसावे. नाहीतर त्यांनी हकिगत तिथेच संपवली नसती.

असा पेच पडला की खानदेशातल्या माणसाने अमळनेरला जावे. नरडाण्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की झाले. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली चक्क तत्त्वज्ञानाचे मंदिर काढले. शेठजी कापडगिरणीचे मालक, आणि ओढा शांकर वेदान्ताकडे. म्हणजे एकीकडे सूत कातायचे, कापड विणायचे, आणि त्या पैशातून विद्वानांना बोलावून हे जग मिथ्या आहे किंवा कसे याचा शोध घ्यायला लावायचा. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा बंगाली तत्त्वज्ञ इथे येऊन राहिला. मला यात विसंगती दिसत नाही. जग मिथ्या असले तरी विद्वानाला धोतर लागतेच.

गंमत पुढेच आहे. याच अमळनेरात १९४५ च्या डिसेंबरात एका कंपनीने तेलाचा आणि वनस्पती तुपाचा धंदा सुरू केला. तेलाच्या उरल्यासुरल्या मालातून ती कपडे धुण्याचा साबणही काढू लागली. ७८७ असा त्याचा आकडा. आज त्याच कंपनीला जग विप्रो म्हणून ओळखते, तेही संगणकामुळे. पण मधल्या काळात तिने संतूर नावाचा हळद-चंदनाचा साबण काढला आणि तो घरोघर गेला. म्हणजे ज्या गावात जगाच्या खरेखोटेपणाचा काथ्याकूट चालला होता, तिथूनच निघालेल्या कंपनीने आमच्या आयाबहिणींच्या हातात चंदन ठेवले. तिकडे म्हैसूर संस्थानातला चंदनतेलाचा सरकारी कारखानाही १९१६ सालचाच. पहिल्या महायुद्धात चंदन परदेशी जाईना, लाकडाचे ढीग साचले, तेव्हा त्याचे तेल काढले आणि साबण केला. चैनीच्या वस्तूचा जन्म असा पुष्कळदा पडून राहिलेल्या मालातून होतो. राजाचे चंदन मजुराच्या न्हाणीपर्यंत यायला मध्ये एक लढाई व्हावी लागली, इतकेच.

त्या साबणाचे पुढे काय झाले, ते आप्पांनी सांगितले नाही. आमच्या जिजीने सांगितले. त्या बाईने दोऱ्याने वडीचे चार तुकडे पाडले. तीन घरातल्या तीन लेकींना. चौथा तिने अंगाला लावलाच नाही. कागदात गुंडाळून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवला. लुगडे नेसताना वास यावा म्हणून. आता ही उधळपट्टी असेल तर काटकसर कशाला म्हणावे, ते मला आप्पांनी शिकवावे.

गरज आणि चैन यांच्यामधली रेघ नेमकी कुठे ओढायची? मला वाटते, ती सोनगीरच्या घागरीवर स्पष्ट दिसते. नरडाण्याहून आग्रा रोडने धुळ्याकडे निघाले की वाटेत सोनगीर लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते. भट्टीवर भांडे तापवायचे, नवसागराची पूड मारायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायची. आतला पिवळा रंग जाऊन चांदीसारखा पांढरा येतो. ती नसेल तर ताक कळकते, आमटी कळकते आणि माणूस आजारी पडतो. म्हणजे आतली कल्हई ही शुद्ध गरज. पण बाहेरून चिंच आणि राख लावून तीच घागर लखलखीत करण्याची काय गरज? काळवंडलेल्या घागरीतले पाणी काळे होत नाही. तरी आमच्या आया-आज्या सणाच्या आधी दोन दोन दिवस हात दुखेस्तोवर भांडी घासत आणि फळीवर ओळीने मांडून ठेवत. त्यासाठी कोणी त्यांना दमडी दिली नाही, आणि चैन म्हणून कोणी बोललेही नाही. कारण उघड आहे. त्या चैनीला पैसे पडत नव्हते. पडत होते ते फक्त बाईचे कष्ट.

पुढे स्टील आले आणि पितळ मोडीत गेले. आता शहरातल्या दिवाणखान्यात पितळेचा बंब परत आला आहे. त्यात पाणी तापवत नाहीत, छत्र्या ठेवतात. आप्पांच्या पुण्याच्या नातवाने असा एक बंब विकत आणला. किंमत ऐकून आप्पांनी अत्तराचा बोळा कानातून काढला आणि पुन्हा विचारले.

चैनीविरुद्ध बोलण्याचा अधिकारच कोणाला नाही, असे मात्र नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय. आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. बोलणारा कैदी, लिहिणारा कैदी, ऐकणारेही कैदीच. त्या मंडळींनी अपरिग्रह सांगावा. त्यांनी हाताशी असलेले सोडून मग सांगितले. आप्पांचा अपरिग्रह नेहमी दुसऱ्याच्या पिशवीपासून सुरू होतो. आणि एक बारीक मुद्दा असा, की सोडायला आधी हातात काही असावे लागते. जिच्या हाती जन्मात पहिल्यांदा चंदनाची वडी आली, तिला त्याग शिकवणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यापैकी आहे.

खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. घराला रंग देतात, भांडी घासतात, नारळाला देवीचे रूप देऊन दागिन्यांनी, नथीने सजवतात. भारी कापड, फुले, दिवे, रात्रभर गाणी. या खर्चाला आप्पा कधी नाव ठेवत नाहीत. उलट नथ नीट बसली की नाही हे स्वतः चष्मा लावून पाहतात. तीच नथ मंगळवारी सुनेने नाकात ठेवली तर मात्र "रोज रोज कसाले?" असे ओसरीवरून ऐकू येते.

गेल्या श्रावणात मी त्यांना विचारले, "आप्पा, नारळाला शोभते ते सुनेला का शोभू नये?"

आप्पांनी नारळाकडे पाहिले. मग सुनेकडे पाहिले. मग मला विचारले, "यंदा कापसाला भाव काय निघेल, काही कळलं का?"